दोन्ही कान दिसले पाहिजेत

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी बसस्टँडमागे असलेल्या नूर फोटो स्टुडिओत माणसाचे दोन्ही कान दिसल्याशिवाय बटण दाबायचं नाही, असा नूर मोहम्मद यांचा नियम होता. नोकरीच्या अर्जापासून मुलगी दाखवण्यापर्यंत सगळे फोटो ह्याच नियमानं निघत आले होते आणि अर्ध्या तालुक्याचे कान त्यांना तोंडपाठ होते. मुलगा नदीमही त्याच तालमीत तयार झालेला. "मान वर. हनुवटी खाली. हलू नका. हसा. एवढं नाई." एवढं ऐकलं की समोरचा माणूस लाकडाचा होई आणि फोटो निघे.

पंचाईत झाली ती लोकांना लग्नाआधी शेतात जाऊन फोटो काढायची हौस लागल्यापासून. नदीमनं असं एक जोडपं बाहेर नेलं होतं. फोटोंत आभाळ चुन्यासारखं पांढरं आलं, नवरानवरी कोळशासारखी आली, आणि दोघंही पोलिसांनी पकडून आणल्यासारखी ताठ उभी होती. त्या जोडप्यानं पुन्हा चंद्रपूरहून फोटोवाला बोलावला. पुढच्या दोन लग्नांनी तर मूलला विचारलंसुद्धा नाही.

अशा दिवसांत हिवरटोल्याचे नथ्थूभाऊ स्टुडिओत आले. पोरीचं, दिव्यानीचं, लग्न ठरलं होतं.

"माह्या लग्नाचे फोटो तुमच्या अब्बानं काढले, म्हणून पयले इथी आलो," ते म्हणाले. "पण पोरगी म्हणते चंद्रपूरवालाच पायजे. तुम्ही बाहेरचे चार चांगले फोटो काढून दाखवा नदीमभाऊ. मंग मी तिले समजावतो. संक्रांतीपर्यंत वेळ हाय."

हिवरटोल्यात नथ्थूभाऊंचा शब्द चालायचा. त्यांच्या घरचं लग्न गेलं की गावाची सगळी लग्नं गेली, आणि मग स्टुडिओत उरणार फक्त पासपोर्टचे फोटो, हे नदीमला न सांगताही कळत होतं.

"बाहेर कशाले जाते?" नूर मोहम्मद म्हणाले. "आपल्याकडं काश्मीरचा पडदा हाय ना."

नदीमनं मोबाइलवर शिकवण्या पाहायला सुरुवात केली. सगळ्या शिकवणाऱ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं : हिवाळ्याची सकाळ, कोवळं ऊन, रोज तीच जागा आणि न कंटाळता सराव. एक जण तर म्हणत होता, आधी माणसं सोडा, जे आपल्या जागी गप्प राहतं त्याचे फोटो काढा. नदीमनं एक जुनी लांबलचक लेन्स मिळवली आणि रोज पहाटे मोटरसायकलनं हिवरटोल्याच्या शिवारात जाऊ लागला. फोटो नथ्थूभाऊंच्या शेतातच काढायचे होते, तेव्हा सरावही तिथंच केलेला बरा, असा त्याचा साधा हिशेब होता.

पहिले काही दिवस त्यानं धुक्याचे फोटो काढले आणि त्यात धुकंच आलं. हळूहळू मात्र हात बसला. धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, कापून मोकळ्या झाल्या होत्या, खळ्यावर कापलेल्या धानाचे उंच ढीग, पुंजणे, मळणीची वाट पाहत उभे होते आणि खाचरांच्या बांधांवर, धुऱ्यांवर, तूर पिकली होती. नाल्याकाठी तुरीच्या दोन झाडांमध्ये कोळ्यानं एक सुरेख जाळं विणलं होतं. त्यावर दव साचायचं आणि ऊन पडलं की ते लखलखायचं. नदीम त्या जाळ्याच्या प्रेमात पडला. तो ब्लँकेट पांघरून धुऱ्याआड उकिडवा बसायचा, लेन्स नाल्याकडे रोखायचा आणि श्वासही बेतानं घ्यायचा. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कोणाला मान वर करायला सांगावं लागत नव्हतं.

अशाच एका सकाळी नथ्थूभाऊंची बायको, सुगंधाबाई, विळा घेऊन तूर कापायला आली. धुऱ्याआड हा बसलेला पाहून ती थबकली. तिच्या चालण्यानं झाड हललं तर दव सांडेल म्हणून नदीमनं मान न वळवताच ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हातानं मागे, मागे, अशी खूण केली.

आता, शहरात एखादा माणूस झुडपाकडे टक लावून बसला तर लोक त्याला वेडा म्हणतील. ह्या जिल्ह्यात लोकांचा समजूतदारपणा वेगळा आहे. लांब लेन्सवाला माणूस नाल्याकडे पाहत दगडासारखा बसतो, याला इथं एकच कारण असतं, आणि त्या कारणाचं नाव शेतात उभं राहून घ्यायचं नसतं. घेतलं की ते येतं म्हणतात. सुगंधाबाईनं काही एक विचारलं नाही. तिनं विळा तिथंच ठेवला आणि नाल्याकडे पाठ न करता, एकेक पाऊल मागे टाकत, सगळी बांधी उलट्या पायांनी ओलांडली. इथल्या बायका किती अदबशीर आहेत, असं नदीमला वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून शिवारात कोणी फिरकेना. नदीम खूश झाला. इतकी शांतता त्याला स्टुडिओतही मिळाली नव्हती. तिसऱ्या दिवशी रस्त्यावर माणसं गोळा होऊन लांबून त्याच्याकडे पाहू लागली. आपल्या सरावाचा बोलबाला झालाय, असा समज करून घेऊन त्यानं हात हलवला. समोरून कोणीच हात हलवला नाही. फक्त दोन बायांनी हात जोडले.

सामान आवरून तो रस्त्यावर आला तेव्हा वनरक्षक इसरू त्याची वाटच पाहत होता.

"नदीमभाऊ, वाघ कुठी बसते?"

"कोणता वाघ?"

इसरू समजूतदारपणे हसला. "तुम्ही फोटोवाले सगळे सारखेच. गर्दी होते म्हणून जागा सांगत नाई. मले सांगा ना, माही तर ड्युटी हाय."

"अरे बाप्पा, मी जाळ्याचा फोटो काढून राह्यलो! कोळ्याचं जाळं!"

"रोज?"

"रोज."

"ह्या थंडीत? कोळ्यासाठी?" इसरूनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं. नका सांगू."

गावात जाऊन सगळ्यांना खरं काय ते सांगून टाकावं म्हणून नदीम निघाला, तर समोरून नथ्थूभाऊच आले. त्यांनी नदीमचे दोन्ही हात धरले.

"मळणीची मशीन अर्ध्या रस्त्यातून वापस गेली. पुंजणे तसेच पडले हायेत, तूर तशीच उभी हाय," ते म्हणाले.

"नथ्थूभाऊ, मले एक सांगायचं—"

"काई सांगू नका. नुकसान गेलं उडत. तुम्ही हात केला म्हणून माही बायको वाचली." त्यांनी नदीमचे हात आणखी घट्ट दाबले. "जो माणूस त्याच्यासमोर तीन दिवस हलला नाई, त्याचा हात लग्नाच्या फोटोत काय हलन? लग्न तुमचं पक्कं!"

आता नदीमनं खरं सांगावं तर ह्या माणसाची मळणी एका कोळ्यापायी थांबली हेही सांगावं लागणार होतं. त्यानंतर लग्न राहिलं नसतं, आणि बहुधा कॅमेराही राहिला नसता. त्याला स्वतःची लाज वाटली, पण ती गप्प राहण्याच्या आड आली नाही.

"वाघाचा फोटो दाखवा ना मंग," मागून दिव्यानी म्हणाली. ही मुलगी नर्सिंगला होती आणि कशावरही पटकन विश्वास ठेवत नसे.

"धुकं होतं," नदीम म्हणाला.

"तीन दिवस?"

"थंडी बहुत हाय ना ह्या साली," नथ्थूभाऊंनी परस्पर सांगून टाकलं.

"ते काई नाई बाबा. चार फोटो पाहीन, मंगच हो म्हणीन," दिव्यानी म्हणाली.

इसरूनं त्याच दिवशी नाल्याकाठच्या पळसाला वनखात्याचा कॅमेरा बांधला. समोर काहीही हललं की आपोआप फोटो काढणारा तो हिरवा डबा होता. तो लागला आणि वाघ आहे यावर सरकारी शिक्काच बसला. शिवारात जायची बंदी झाली, त्यामुळे जो तो चोरून पाहायला जाऊ लागला.

संक्रांतीच्या आधी इसरू त्या डब्यातलं कार्ड घेऊन नूर फोटो स्टुडिओत आला. साहेबांना रंगीत प्रती हव्या होत्या. त्याच वेळी नथ्थूभाऊ, दिव्यानी आणि तिचा होणारा नवरा अजय नदीमचे चार फोटो पाहायला आलेले. बल्लारपूरला कामाला असलेला हा अजय फार कमी बोलायचा. वाघाचं नाव निघताच सगळे संगणकाच्या पडद्याभोवती जमले. नदीमचे चार फोटो बाजूलाच राहिले.

पहिल्या फोटोत बकरी निघाली. दुसऱ्यातही तीच बकरी. मग वाघाला हुसकायला निघालेले सरपंच, आणि लगेच पुढच्या फोटोत मुंगसाला पाहून पळणारे सरपंच. तिथंच राहिलेला विळा न्यायला आलेली सुगंधाबाई होती. धुऱ्याला टेकून, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेला नदीमही होता.

"एवढ्या जवळ झोपले तुम्ही!" नथ्थूभाऊ भारावून म्हणाले.

मग आली ती दिव्यानी आणि अजय. धुकं नुकतंच फाटत होतं आणि मागून कोवळं ऊन येत होतं. अजयच्या हातात काठी होती आणि चेहऱ्यावर कसलीही आशा नव्हती. दिव्यानी त्याच्या स्वेटरला मागून धरून पोट दुखेस्तोवर हसत होती. दोघांनाही कोणी पाहत नाही याची खात्री होती.

अजय लाल झाला.

"तुम्ही दोघं तिथी कधी गेले होते?" नथ्थूभाऊंनी विचारलं.

"ते राहू द्या बाबा," दिव्यानी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "असा फोटो पायजे मले. अगदी असाच. कोणं काढला?"

"डब्ब्यानं," इसरू म्हणाला.

नूर मोहम्मद यांनी चष्मा लावला आणि वाकून फोटो पाहिला. "पोराचा एकच कान दिसते. पोरीचा तर एकबी नाई."

"मले डब्बाच पायजे," दिव्यानीनं जाहीर केलं. "फोटोवाला समोर उभा राह्यला का ह्याचं तोंड लाकडावानी होते. डब्ब्यासमोर पाहा कसा जित्ता दिसून राह्यला."

"सरकारी हाय तो. लग्नाले भेटत नाई," इसरू म्हणाला. "अन् वाघ काई नाई ह्याच्यात."

"गेला असन," नथ्थूभाऊ म्हणाले. "एवढी गर्दी पाहून कोण थांबन?" हे सगळ्यांनाच पटलं. नथ्थूभाऊ नदीमकडे वळले. त्यांना शब्दही मोडवत नव्हता आणि पोरीचं मनही. "नदीमभाऊ, असा डब्बा तुमच्याकडं हाय का?"

समोरच्या काश्मीरच्या पडद्याकडे नदीमनं एकदा पाहिलं. "हाय ना," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी त्यानं बिस्किटांचा एक रिकामा डबा हिरवा रंगवला, त्याला भोक पाडलं आणि आतून मोडक्या दुर्बिणीची काच चिकटवली. संक्रांतीनंतरच्या पहिल्या निवांत सकाळी त्यानं तो डबा सगळ्यांदेखत पळसाला बांधला.

"आता मी मूलले जातो. तुम्ही फिरा आरामात," तो दिव्यानीला म्हणाला. "डब्बा आपला काम करते."

मोटरसायकल लांब उभी करून तो नाल्यातून परत आला आणि ब्लँकेट पांघरून धुऱ्याआड आपल्या जुन्या जागी बसला. तिथलं ऊन कधी कुठं येतं हे त्याला पाठ होतं. धुक्यात आभाळ पांढरं पडू नये म्हणून काय करायचं हेही आता त्याला माहीत होतं. मुख्य म्हणजे गप्प कसं बसायचं हे तो शिकला होता. समोर अजय चक्क गाणं म्हणत होता. दिव्यानी त्याला तुरीच्या शेंगा फेकून मारत होती. मान वर करा असं कोणीच म्हणत नव्हतं, आणि नदीम एकामागून एक फोटो घेत होता.

मागे पाऊल वाजलं. चहाची किटली घेऊन सुगंधाबाई उभी होती. नदीमनं ओठांवर बोट ठेवलं. तिनं या वेळी पाय मागे घेतला नाही. ती धुऱ्याआड बसली, लेन्स कुठं वळलीय ते पाहिलं, पळसावरचा डबा पाहिला आणि पुन्हा नदीमकडे पाहिलं.

"त्या दिवशीबी तिथी कोणी नोहतं ना?" तिनं हळूच विचारलं.

नदीमनं मान हलवली. "जाळं होतं," तो पुटपुटला.

तिनं किटलीतून चहा ओतला. "तूर आठ दिवस मागं पडली. लग्न झाल्यापासून माह्या कंबरेले एवढा आराम भेटला नोहता. मी सांगत नाई कोणाले," ती म्हणाली आणि कप ठेवून निघून गेली.

फोटो पाहून हिवरटोला वेडा झाला. चंद्रपूरवाल्याचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. नथ्थूभाऊ घरोघर अल्बम फिरवत होते आणि प्रत्येक पानावर म्हणत होते, "काय डब्बा हाय पाहा! माणसाच्यानं निघते का असा फोटो?" दिव्यानीनं डब्याला कुंकू लावून नारळ फोडला. नदीम शेजारीच उभा होता. त्याला नारळाचा तुकडा मिळाला. एवढ्या थंडीतल्या पहाटा आपण काढल्या आणि कौतुक बिस्किटांच्या डब्याचं, याचं त्याला वाईट वाटलं. पण सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर पुढच्या लग्नात सगळे पुन्हा लाकडाचे झाले असते.

आठवडाभरात शेजारच्या गावांतून माणसं येऊ लागली. त्यातलं कोणीही नदीमची चौकशी करत नसे. "डब्बा कोणत्या तारखेले मोकळा हाय?" एवढंच ते विचारत. एका दुपारी नदीम जेवून परत आला तर नूर मोहम्मद स्टुलावर चढून पाटी रंगवत होते. नूर फोटो स्टुडिओ ह्या जुन्या नावाखाली त्यांनी सुबक अक्षरांत लिहिलं होतं, 'आमच्याकडे डब्ब्याने फोटो काढून मिळतील.' आणि त्याखाली बारीक अक्षरांत, 'दोन्ही कानांची हमी नाही.'