तीन लाटांचं बटण

गाडी घ्यावी तर अमेरिकन, आणि अमेरिकन घ्यावी तर पूर्ण आकाराची, हे खैरुद्दीनचं आखातातल्या अल नहदा भागातल्या त्याच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या मजल्यांना सांगून झालं होतं. सहा फुटी माणूस मागच्या सीटवर पाय पसरून बसला तरी पुढच्याला कळणार नाही. डिकीत चार सुटकेसा, वर एक गोणी तांदूळ. व्ही-एट इंजिन. शून्य ते शंभर पाच सेकंदांत. आता अल नहदाच्या सिग्नलपासून अल कुसैसमधल्या त्याच्या ऑफिसपर्यंत शंभरचा आकडा कुणाच्या बापजन्मात लागला नव्हता आणि सकाळी तिथे शून्य ते वीस गाठायलाच पाऊण तास जायचा, ही गोष्ट वेगळी. ताकद वापरायची नसते, असावी लागते, असं खैरुद्दीनचं म्हणणं होतं.

गाडी सेकंडहँड होती आणि थेट अमेरिकेतून आलेली होती. त्यामुळे तिचा काटा मैलांत बोले आणि थर्मामीटर फॅरनहाइटमध्ये. खैरुद्दीनला त्याचं काही वाटलं नाही. वीस वर्षं दिरहमचे रुपये करण्यात गेली होती, त्यात मैलांचे किलोमीटर म्हणजे काय मोठंसं. गाडीबरोबर चारशे पानांचं पुस्तक होतं, ते त्याने आदराने डॅशबोर्डच्या खणात ठेवलं. पुस्तकाची गरज त्यांना, ज्यांना डोकं नाही.

विकणाऱ्याने एवढंच सांगितलं होतं, "हबीबी, आगे की सीट में भी एसी है." खैरुद्दीनने बघितलं तर पुढच्या प्रत्येक सीटला दोन बटणं. एकावर छोटा पंखा, दुसऱ्यावर वर जाणाऱ्या तीन नागमोडी रेघा. त्याने क्षणात निकाल लावला. पंखा तो पंखा, तो काय आपल्या रत्नागिरीच्या घरीही आहे. एसी म्हणजे लाटा. समुद्राकाठी वाढलेल्या माणसाला लाटा बघून गारवाच आठवणार, यात त्याची तरी काय चूक? लाटांचं बटण तीनदा दाबलं की तीन नारिंगी दिवे लागायचे. तीन दिवे म्हणजे फुल गार.

हे बटण त्याने स्वतःच्या सीटला कधी लावलं नाही, कारण दोन्ही सीटा एकदम गार केल्या तर बॅटरी बसेल अशी त्याला धास्ती. आणि शेजारची सीट तर त्याने प्लॅस्टिक घालून झाकून ठेवली होती. बायको शहनाझ आणि अकरा वर्षांची दुआ दोघी मागे.

"पुढे बसले तर काय झिजणार आहे?" शहनाझने एकदा विचारलं.

"आईच बसेल पहिली. तिच्यासाठीच घेतलीय."

हे मात्र खरं होतं. हव्वाबी, म्हणजे खैरुद्दीनची आई, रत्नागिरीत तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहायची. लिफ्ट नाही. वर्षभरापासून कंबर अशी धरली होती की काठी घेऊन एक मजला उतरली की परत फिरायची. बाजार शेजारची सत्यभामा करून द्यायची. खैरुद्दीनने आईला महिन्याच्या व्हिजिटवर बोलावलं, कायमच्या रेसिडन्सीचे कागद भरून तयार ठेवले. आईने फक्त "राहते" म्हणायचं होतं. आणि त्याच्या आतमध्ये, पन्नाशीला टेकलेल्या माणसाच्या आतमध्ये, अजून एक हावरट पोरगं बसलं होतं, त्याला "खैरू, बरं केलंस हो" एवढंही ऐकायचं होतं. आजवर ते त्याच्या मावसभावाला, अजमानच्या जमालला, तीनदा ऐकायला मिळालं होतं. खैरुद्दीनच्या वाट्याला एकदाही नाही.

हव्वाबी जुलैत आल्या. बाहेर सेहेचाळीस डिग्री. खैरुद्दीनने प्लॅस्टिक फाडलं, आईला बसवलं, बटण तीनदा दाबलं आणि प्रवचन सुरू केलं. दहा मिनिटांनी हव्वाबी जरा सरकल्या. पंधरा मिनिटांनी दाराच्या वरची कडी धरून अर्ध्या उठल्या.

"कसं वाटतंय, आई? सीट कशी आहे?"

"लागतंय हो," हव्वाबी म्हणाल्या. "चांगलंच लागतंय."

"मग! जमालच्या गाडीत आहे का हे?"

आईच्या कपाळावर घाम दिसला तेव्हा त्याने समोरचा एसी वाढवला. मग त्यांना हुडहुडी भरली आणि शहनाझने मागून शाल दिली. वरून हिवाळा, खालून वणवा, आणि मध्ये शाल पांघरलेली बाई. घरी पोचेपर्यंत हव्वाबींचा चेहरा लालबुंद झाला होता. खैरुद्दीन शहनाझला म्हणाला, "बघितलंस? चेहऱ्यावर कसं तेज आलं."

त्यानंतर रोज संध्याकाळी फेरी. ऑफिसातून आला की चहाही न घेता, "चल आई, यल्ला." हव्वाबी कधी काही सांगायला लागत, "तुझे अब्बा ना, एकदा होडीतून..." की हा मध्येच, "एक मिनिट आई, हे बघ, मी स्टिअरिंग सोडलं तरी गाडी लेन सोडत नाही." होडी तशीच समुद्रात राहायची. पुढच्या दिवशी हव्वाबी परत होडी काढत, तेव्हा तो मागचा कॅमेरा दाखवत असे.

एका शुक्रवारी सकाळी रस्ता मोकळा मिळाला. त्याने आईला शून्य ते शंभर दाखवलं. काटा मैलांचा आहे हे त्या आनंदात विसरला. त्याच्या हिशेबाने तो शंभरावर थांबला, प्रत्यक्षात एकशेसाठ झाले होते. हव्वाबींनी डोळे मिटून कलमा पढला. मागे दुआ म्हणाली, "दादी इज प्रेइंग, अब्बा." खैरुद्दीनला वाटलं, आई अल्लाचा शुक्र अदा करतेय. वेग पकडणाऱ्या रडारचा फ्लॅश चमकला तेव्हा तोही त्याला कौतुकाचाच वाटला.

दुसऱ्या आठवड्यात हव्वाबी सीटवर टॉवेल घालू लागल्या. आधी एक, मग दुहेरी घडी.

"आई, लेदर आहे ते. लेदरवर टॉवेल? लोक काय म्हणतील?"

"लोक सीटखाली कुठे बघतात, खैरू."

त्याने टॉवेल काढून डिकीत टाकला. त्याला ते फार लागलं. आणि शनिवारी जमाल आपली बारा वर्षांची जुनी जपानी गाडी घेऊन आला आणि हव्वाबी "मी जमालबरोबर जाते मासळी बघायला" म्हणून चटकन खाली उतरल्या, तेव्हा तर त्याच्या अंगाची लाही झाली. त्या गाडीच्या सीटचा स्पंज बाहेर आला होता. खिडकी हाताने फिरवायची. आणि आई त्यात बसून गेली, वरून हसत गेली. दुपारी अजमानहून सुरमई घेऊन आली. त्या दिवशी खैरुद्दीनने सुरमईला हात लावला नाही.

"तिला तोच आवडतो," तो शहनाझला म्हणाला. "मी काहीही करो. विमान आणून ठेवलं तरी ही जमालच्या सायकलवर बसेल."

"तुम्ही एकदा त्यांच्याजवळ नुसते बसा ना," शहनाझ म्हणाली. "गाडीत नाही. सोफ्यावर."

"सोफ्यावर काय दाखवू?"

शहनाझने कपाळाला हात लावला आणि भाजी चिरायला घेतली.

सव्विसाव्या दिवशी खैरुद्दीनने कागद टेबलावर मांडले. पेनाचं टोपणसुद्धा काढून ठेवलं. हव्वाबींनी कागद नीट जुळवले आणि परत त्याच्याकडे सरकवले.

"मी जाते, खैरू. माझं घर आहे तिकडे."

"जमालने भरवलं ना तुझ्या कानात?"

"जमालने काय भरवायचंय. तो मासळीचं बोलतो, आपल्या माणसांचं बोलतो. तू महिनाभर माझ्याशी गाडी बोललास."

"ती गाडी तुझ्यासाठी घेतली!"

"हो ना. म्हणून बसले."

एवढंच म्हणून त्या नमाजाला उठल्या. खैरुद्दीन टोपण काढलेलं पेन हातात घेऊन बसून राहिला. त्याला रडू येत होतं आणि राग येत होता, आणि यातलं आधी काय येऊ द्यावं ते ठरत नव्हतं. शेवटी राग सोपा म्हणून तोच आला. त्याने पुढचे तीन दिवस आईशी जेवढ्यास तेवढंच बोलून काढले, पण फेऱ्या चुकवल्या नाहीत आणि तीन दिवेही चुकवले नाहीत. अपमान झाला तरी सेवा सोडायची नाही, असा त्याचा बाणा.

विमानतळावर सुटकेसा उतरवल्या. काठी डिकीत कुठेशी आत गेली होती. डिकी इतकी मोठी की कंबरेपर्यंत आत शिरूनही त्याच्या हाताला लागेना.

"राहू दे रे," म्हणून हव्वाबी चालू लागल्या. शहनाझला आणि दुआला जवळ घेतलं, खैरुद्दीनच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ताठ मानेने आत गेल्या. एवढ्या ताठ की त्याला तोही आपल्यावरचाच राग वाटला.

परत येताना दुआ पहिल्यांदा पुढे बसली. खैरुद्दीनने सवयीने बटण तीनदा दाबलं. दोन सिग्नल गेले.

"अब्बा, व्हाय इज द हीटर ऑन?"

"हीटर नाही गं. सीटचा एसी आहे."

"नो. दॅट्स सीट हीटर. अँड इट्स ऑन थ्री. इट्स बर्निंग." दुआने बटण बंद केलं, शेजारचं पंख्याचं दाबलं आणि निवांत टेकून बसली. "धिस इज द कूल वन."

मागे शहनाझने फक्त "या अल्ला" एवढं म्हटलं, तेही हळू. खैरुद्दीनने गाडी कडेला घेतली, खणातून चारशे पानांचं पुस्तक काढलं. एकशेबाराव्या पानावर दोन्ही बटणांची चित्रं होती. खाली लिहिलं होतं की अतिथंड हवामानात प्रवाशाच्या आरामासाठी. त्याच्या डोळ्यांपुढून कडी धरून अर्धी उठलेली आई गेली, टॉवेलची दुहेरी घडी गेली. एकोणतीस दिवस, रोज तासभर, जुलैत, आपण आपल्या आईला भाजत होतो, आणि ती जमालच्या गाडीत पळाली म्हणून तिच्यावरच रुसलो होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने रत्नागिरीला फोन लावला. माफी मागायची, सगळं खरं सांगायचं, असं ठरवून स्पीकर लावून बसला. शहनाझ आणि दुआ शेजारी.

"पोचलीस नीट? आई, ती सीट..."

"तेच सांगणार होते," हव्वाबींचा आवाज खणखणीत होता. "काठी तिकडेच राहू दे. आज दोनदा तिसरा मजला चढले. सत्यभामा बघतच राहिली. वर्षभर जे डॉक्टरला जमलं नाही ते तुझ्या शेकाने झालं. कंबर सुटली बघ."

खैरुद्दीन फोनवर आणखी वाकला.

"आता म्हणून सांगते. त्या गाडीचं तू काय काय दाखवलंस, मला एक अक्षर कळलं नाही. पण पहिल्या दिवशी बसले आणि खालून शेक लागला, तेव्हा म्हटलं, पोराला आईची कंबर आठवते. शहनाझला नाही, दुआला नाही, स्वतःला पण नाही, फक्त माझ्या सीटला शेक. भाजायचं रे. फार भाजायचं. पण तू एवढं प्रेमाने लावतोस, तर काढ म्हणायला जीभ रेटेना. टॉवेल घातला तर तुला राग आला. बरं केलंस हो, खैरू."

दुआने तोंड उघडलं. शहनाझने तिच्या तोंडावर हात ठेवला.

"हो आई," खैरुद्दीन म्हणाला. "खास तुझ्यासाठीच लावून घेतला होता."

"कळलं ना मला."

"मग... पुढच्या वर्षी येशील? कायमची?"

"आता कशाला? कंबर बरी झाली ना. मजले चढता येतात, बाजार होतो. कंबर धरली होती म्हणून तर आले होते बघायला, तुझ्याकडे राहणं जमतंय का ते. तू ये ना इकडे. गाडीशिवाय ये. तुझ्या अब्बांच्या होडीची गोष्ट राहिलीय."

फोन ठेवून खैरुद्दीन खाली पार्किंगमध्ये गेला. आईच्या सीटवर बसला, गाडी चालू केली, बटण तीनदा दाबलं. आईने रोज तासभर काढला होता. तो सात मिनिटांनी बाहेर पडला. शर्ट पाठीला चिकटला होता आणि डोळेही कोरडे नव्हते.

वॉचमन धावत आला. "क्या हुआ सर? एसी खराब है क्या?"

"नहीं," खैरुद्दीन डोळे पुसत म्हणाला. "एसी एकदम फर्स्ट क्लास है. अमेरिकन है."