बाराचं लग्न आणि टर्बोचं तेल

लग्न बारा वाजता होतं, ठाण्याच्या विवाह नोंदणी कार्यालयात. आणि साडेआठला वधूपिता कोपरच्या सोसायटीत गाडीच्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत बुडालेला होता.

शुभदा रेशमी साडीचा पदर खोचून, हातात रिकामी पाण्याची बाटली धरून शेजारी उभी होती. चौदा वर्षांच्या साध्या पेट्रोल गाडीला सलिलने दिवाळीत बाहेरून आणलेला, इंजिनाचा जोर वाढवणारा टर्बो काल रात्री स्वतः बसवला होता. "पिकअप बघशील तू!" बँकेतल्या या अधिकाऱ्याने बायकोला सांगितलं होतं. पिकअप तिने अजून पाहिला नव्हता. आज गाडी चालू केली तर आधी शिट्टी आली, मग खरखर.

"टर्बोला तेल पोचत नाहीये," सलिल म्हणाला.

"मग रिक्षाने जाऊ."

"अंतराला शब्द दिलाय, माझ्याच गाडीतून नेईन म्हणून. अर्धा तास दे."

सव्वीस वर्षांच्या संसारात शुभदाने 'अर्धा तास' हे वेळेचं माप मानणं सोडून दिलं होतं. पण याला एकटा सोडला तर हा लग्नालाच यायचा नाही, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

फोनवर कल्याणचा मेकॅनिक विकी होता. "काका, टर्बोला येणारी तेलाची नळी सोडवा. टोक बाटलीत धरा आणि नुसता सेल्फ मारा. तेल येतंय का बघा."

सलिलने सेल्फ मारला. तेल आलं. अर्धं बाटलीत, उरलेलं शुभदाच्या बांगड्यांवर.

"येतंय की! मग अडतंय कुठे?"

शुभदाने वाकून पाहिलं. "सलिल, ही पत्र्याची चकती आहे ना, तिचं भोक खालच्या भोकावर बसतच नाहीये."

"गॅस्केट म्हणतात त्याला. ती तशीच असते."

दहा मिनिटांनी विकी म्हणाला, "काका, गॅस्केट उलटी तर नाही ना लावली?"

"अरे, मला तोच संशय होता!"

शुभदाने शांतपणे बाटलीला झाकण लावलं.

गॅस्केट सुलटी झाली. गळायला नको म्हणून सलिलने दोन्ही हातांनी लाल सीलंट थापलं आणि गाडी चालू केली. शिट्टी गेली. खरखर गेली. आणि मागून निळसर पांढऱ्या धुराचे लोट निघाले.

वर धडाधड खिडक्या लागल्या. दुसऱ्या मजल्यावरून विमलाबाई मात्र नाकाला पदर लावून ओरडल्या, "अहो, डासांचं औषध ना? आमच्या मागच्या बाजूला पण मारा! चार महिने अर्ज करतेय मी!"

तेवढ्यात नवरीमुलगी अंतरा नटूनथटून खाली आली. धूर पाहिला, बाप पाहिला. "बाबा, मी रिक्षा करते. तुम्ही या," म्हणाली आणि गेली. रागावलीसुद्धा नाही. शुभदाला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"काका, तेल आत जातंय, पण परत खाली उतरत नाहीये," विकी म्हणाला. "उतरायची नळी मुडपली असणार." नळी लांब झाली होती. शुभदा वर जाऊन भाजीची सुरी घेऊन आली. सलिलने नळी बोटभर कापून सरळ बसवली. धूर थांबला. विमलाबाईंनी खिडकी उघडून विचारलं, "झालं एवढ्यात?"

माणकोलीच्या पुलावरून गाडी खरंच सुरेख पळाली. साडेबाराला दोघं कार्यालयात शिरले. नवरामुलगा मितेश, त्याची आई आणि अंतरा ताटकळत होते. बाकीची मंडळी संध्याकाळी थेट जेवणाला येणार होती.

साक्षीदार तीन हवे होते. मितेशच्या आईचा अंगठा मशिनने घेतला, शुभदाचाही घेतला. सलिलचा घेईना.

"काका, अंगठ्यावर काय आहे हे?" कारकुनाने विचारलं.

"सीलंट. चिकट असतं जरा."

"दुसरं बोट द्या." दहाच्या दहा झाली. कारकुनाने घड्याळ पाहिलं. "यांच्या रेघाच दिसत नाहीत. एकला आमचं जेवण. दुसरा साक्षीदार आणा, नाहीतर सोमवारी या."

सलिल रुमालाने बोटं घासत राहिला. मुलीकडे पाहण्याचीही त्याची हिंमत होईना.

अंतरा उठून बाहेर गेली आणि एका खाकी शर्टवाल्याला घेऊन आली. "हे उत्तमकाका. यांच्याच रिक्षातून आले मी. परतीसाठी थांबलेत. आधार कार्ड आहे यांच्याकडे."

उत्तमने पँटला अंगठा पुसला आणि मशिनवर टेकवला. मशिनने तो पहिल्याच फटक्यात घेतला. बाराला नाही, पण एकच्या आत लग्न लागलं. सलिलने दाराशी उभं राहून टाळ्या वाजवल्या. बोटं चिकटत असल्यामुळे आवाज फारसा आला नाही.

जिन्यात उत्तम त्याच्याजवळ आला. "साहेब, मे महिन्यात माझ्या पोरीचं पण हितंच आहे, रजिस्टर. आता आपली वळख झाली. तुम्ही या साक्षीला." मग त्याने सलिलच्या हातांकडे पाहिलं. "फक्त हात धुऊन या."

"मी आणते त्यांना," शुभदा म्हणाली. "रिक्षाने."