गाऊनमधल्या एका फोटोची बखर

श्री॥ उजेडास नमस्कार, आणि अंधारासही नमस्कार, कां की दोहोंवांचोन छबी उमटत नाही. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, आषाढ वद्य पंचमीपासोन श्रावण वद्य तृतीयेपर्यंत, एकूण अठ्ठावीस दिवसांचे हे वर्तमान. परदेशस्थ राजकन्येने पुसले की, "फोटोचं काय झालं?" तरी जे झाले ते पदरचे काही न घालिता लिहोन पाठविले असे.

एक राज्य होते. नाव लिहावयाची परवानगी नाही. दुसरे मजल्यावर वसलेले, पूर्वेस जिना, पश्चिमेस सज्जा, मध्ये तीन खोल्या, ऐसी दौलत. तेथे विद्याधरराव राज्य करीत, म्हणजे त्यांचे नाव दारावरील पाटीवर होते, आणि कारभार सर्व त्यांच्या राणीसाहेब वैजयंतीबाई यांचा. रावांच्या थोरल्या भगिनी नलूआत्या पडद्याजवळील खुर्चीवर बसोन दोहोंस सल्ला देत, आणि दोघेही तो ऐकत नसत. एकुलती एक कन्या केतकी, फार हुशार, तिला सातासमुद्रापलीकडील विद्यापीठाने शिकावयास बोलाविले आणि जाण्याचा दिवस ठरला. तेव्हा केतकी रावांस एकांती म्हणाली, "बाबा, मला घराचे रोजचे फोटो हवेत. सणाचे नकोत, लग्नातले नकोत. मुख्य म्हणजे आईचा हवा. गाऊनमध्ये, खांद्यावर नॅपकिन आणि कुणावर तरी ओरडत असलेली. मला तिकडे पैठणीतल्या आईची आठवण येणार नाहीये." रावांस गहिवरून आले, आणि गहिवराच्या भरात ते बोलोन गेले की, "देतो! एकच का, शंभर देतो!" कन्येने आजवर जे मागितले ते बाजारात मिळत होते, स्वहस्ते करोन द्यावे ऐसे हे पहिलेच मागणे, आणि रावांस ते वर्मी लागले.

आता कोणी पुसेल की, केतकीपाशी मोबाइल होता, तिनेच का घेतला नाही? तर येविशी पूर्वपीठिका ऐसी की, दोन वर्षांपूर्वी राणीसाहेब गाऊनमध्ये मेथी निवडीत असता केतकीने मोबाइलात छबी टिपली आणि चुकून माहेरच्या ग्रुपवर धाडली. मग तेथे तीन वहिन्यांनी अंगठे दाखविले, आणि एका मावशींनी लिहिले, "बरी आहेस ना गं?" त्या दिवसापासोन राज्यात गाऊनमधल्या छबीस बंदी जाहली, आणि केतकीचा मोबाइल कानाऐवजी डोळ्यासमोर गेला की राणीसाहेब पाठ फिरवीत. म्हणोन रावांनी मनसुबा केला की, मोबाइलाने होत नाही ते कॅमेऱ्याने करावे. आणि मोठा काळा कॅमेरा आणविला, पुढे भिंग, गळ्यात पट्टा, आणि भिंगास झाकण, जे काढिता टक ऐसा आवाज होतो. हा आवाज पुढे फार महागात पडला.

मग रावांनी विद्याभ्यास आरंभिला. गुरू यूट्यूबात राहत असे, टोपी उलटी घाली आणि दर वाक्यास "मित्रांनो" म्हणे. गुरूने सांगितले की, अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओ ऐसे तीन सरदार असतात, एकास चढविले की दुसरा बिघडतो, तिघांचा मेळ घालणे हीच विद्या. राव पस्तीस वर्षे कचेरीत तीन साहेबांचा मेळ घालीत आले होते, त्यांस वाटले, हे तर आपल्या हातचे आहे. मग पहिले दिवशी छबी घेतली ती संपूर्ण काळी आली. दुसरे दिवशी संपूर्ण पांढरी आली. तिसरे दिवशी रावांचे बोट आले, आणि ते मात्र उत्तम आले. गुरूने सांगितले की पाठीमागील सर्व धूसर करावे, तेणेकरोन माणूस उठोन दिसतो. रावांनी नलूआत्यांवर तो प्रयोग केला. आत्यांनी चष्मा पुसोन छबी पाहिली, आणि बोलिल्या, "विदू, माझं नाक तेवढं दिसतंय. बाकीची मी गेले की काय?" तरी राव खचले नाहीत. कचेरीतून येता येता दारावरील लिंबे-मिरच्या, जिन्यातील मांजर, पाण्याचा पंप, जे हलत नसे ते टिपीत सुटले, आणि बारावे दिवशी तिन्ही सरदार एकदाचे वश जाहले. मग रावांनी छाती काढोन जाहीर केले की, उद्यापासोन घराची मोहीम.

येथे या राज्याचा एक रिवाज सांगणे प्राप्त आहे. दारावरची बेल वाजली की राणीसाहेब गाऊनवर ओढणी घेत, नलूआत्या खुर्चीवरील ओले टॉवेल आत फेकीत, राव वर्तमानपत्रांचा ढीग दिवाणाखाली ढकलीत, आणि मग दार उघडे. दारी कोणी का असेना, दूधवाला का असेना, सलामी हीच. आणि झाले ऐसे की, कॅमेऱ्याचे झाकण टक वाजले रे वाजले, की तिघांच्याही अंगी तीच बेल वाजे. राव तेरावे दिवशी स्वयंपाकघराचे दारी उभे राहिले, राणीसाहेब खोबरे खवीत होत्या, गाऊन होता, नॅपकिन होता, फक्त ओरडणे बाकी होते. रावांनी झाकण काढिले, टक. "थांबा हं!" ऐसे बोलोन राणीसाहेब आत गेल्या, आणि मोरपंखी पैठणी नेसोन, मोत्यांची माळ घालोन, पावडर लावोन परत आल्या आणि विळीवर बसोन खोबरे खवू लागल्या. राव म्हणाले, "अगं, नैसर्गिक राहा!" राणीसाहेब म्हणाल्या, "नैसर्गिकच आहे मी. ती कढई लपवा आधी, बूड काळं झालंय तिचं."

नलूआत्यांचे तर आणिकच. त्यांची पहिली छबी लग्नापूर्वी स्टुडिओत काढिली होती, तेथे फोटोग्राफराने हात खुर्चीवर ठेविला आणि सांगितले की श्वास धरा, मी सांगेतो हलायचे नाही. ती आज्ञा आत्यांनी पन्नास वर्षे पाळिली. एक दिवस त्या गॅसजवळ दुधावर लक्ष ठेवोन उभ्या असता टक वाजले, आणि आत्या ताठ जाहल्या, हात ओट्यावर, नजर समोर. राव सरदारांचा मेळ घालीत बसले. शेजारी दूध चढले, आत्यांस दिसले, आत्या हलल्या नाहीत. दूध उतू गेले, ओट्यावरोन खाली आले, आत्यांच्या पावलास लागले, तरी आत्या हलल्या नाहीत. राणीसाहेब धावत येऊन ओरडल्या, "अहो वन्सं, दूध!" तेव्हा आत्या ओठ न हलविता बोलिल्या, "दिसतंय मला. फोटो हलेल." आणि घात पाहा, राणीसाहेब ओरडत होत्या, नॅपकिन खांद्यावर होता, जे हवे ते सर्व होते, पण राव भिंगातून आत्यांचे नाकच नीट करीत होते.

मग रावांनी छापा घालावयाचे ठरविले. झाकण आधीच काढोन खिशात ठेविले, आणि विसावे दिवशी सज्ज्यात वाळत घातलेल्या चादरीआड दबा धरोन बसले. राणीसाहेब कपडे काढावयास आल्या आणि त्यांनी नेमकी तीच चादर आधी ओढिली. आत एक डोळा मिटलेला पुरुष पाहोन राणीसाहेबांनी जी आरोळी ठोकली, ती ऐकोन शेजारीण धावत आली आणि तिने बेल वाजविली. बेल वाजताच ओढणी आली, टॉवेल आत गेले, आणि रावांनी स्वतः, संवयीने, वर्तमानपत्रे दिवाणाखाली ढकलली. त्या रात्री केतकी छब्या पाहावयास बसली. अकराशे चाळीस छब्या होत्या. ती हसली, आणि मग म्हणाली, "बाबा, हे घर छान आहे हो. पण आपलं नाहीये." रावांस जेवण गेले नाही.

मग अठ्ठाविसावा दिवस उजाडला. दुपारी गाडी येणार, आणि सकाळपासोन राज्यात धुमाळी. बॅगेस तेवीस किलोची मर्यादा, आणि राणीसाहेबांनी आत भरिले ते एका पलटणीस पुरते: मेतकूट, भाजणी, तीन तऱ्हेची लोणची, कुकरच्या दोन शिट्ट्या, आणि सर्दीस वेखंड. केतकी एक वस्तू बाहेर काढी, राणीसाहेब दोन आत घालीत. चेन बंद होईना. राणीसाहेब बॅगेवर बसल्या, आत्या वजनकाटा धरोन उभ्या राहिल्या, मेतकुटाची पिशवी फुटली. राव कॅमेरा गळ्यात घालोन दारात उभे होते, कां की पट्ट्याची संवय लागली होती. त्यांनी मान वर केली. सज्ज्यातून तिरपा उजेड येत होता. राणीसाहेब बॅगेवर, तपकिरी गाऊन, त्यावर पांढरी फुले, खिशापाशी इस्त्रीने जळालेले भोक, खांद्यावर नॅपकिन, गालावर मेतकुटाचा पिवळा पट्टा. केतकी गुडघ्यांवर बसोन चेन ओढीत, आत्यांचे ओले टॉवेल खुर्चीवर जागचे जागी. रावांनी झाकण काढिले. टक. कोणीही थांबा हं म्हणाले नाही. तिन्ही सरदार हात जोडोन उभे. राणीसाहेबांनी मान वळवोन थेट भिंगात पाहिले, गाऊनसकट, मेतकुटासकट, आणि ओरडल्या, "अहो, बघता काय नुसते? ठेवा ते खेळणं आणि या इकडे! बसा हिच्यावर, तुमचं वजन आज तरी कामाला येऊ दे!"

रावांचे बोट बटणावर होते. दाबावयास एक पळ पुरते. पण बायको हाक मारिते, लेक चेन ओढिते, आणि आपण भिंगातून बघत उभे राहायचे, हे त्या माणसास जमले नाही. त्यांनी कॅमेरा टीव्हीपाशी ठेविला आणि बॅगेवर जाऊन बसले. नवराबायको शेजारी शेजारी, जैसे एसटीच्या बाकावर. चेन लागली. केतकी हसता हसता रडू लागली, आणि तितक्यात गाडीवाल्याने बेल वाजविली, आणि ओढणी आली.

विमानतळाच्या दारी केतकीने पायास हात लाविला आणि पुसले, "बाबा, माझा फोटो?" राव म्हणाले, "पाठवतो ना." घरी येऊन ते कॅमेरा मांडीवर घेऊन बसले. राणीसाहेबांस सर्व ठाऊक होते, त्यांस काय ठाऊक नसते. त्या आत जाऊन तोच गाऊन घालोन आल्या, नॅपकिन खांद्यावर टाकिला, गॅसपाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "घ्या. आणि जाऊ दे काय जायचा तो ग्रुपवर. ओरडू का?" रावांनी भिंग डोळ्यास लाविले. राणीसाहेबांनी तोंड उघडिले, इकडे पाहिले, तिकडे पाहिले. ओरडावे ऐसे घरात कोणी नव्हते. रावांनी कॅमेरा खाली ठेविला आणि म्हणाले, "चहा टाकतेस?"

तात्पर्य, मोहिमेत छब्या अकराशे चाळीस मिळाल्या, मागितलेली एक मिळाली नाही. ती बॅगेवर बसली होती तैसी वर लिहोन दिली आहे, उजेड कोठून येत होता तेही लिहिले आहे, मेतकूट कोणत्या गालावर होते ते राहिले, तर उजव्या. हीच छबी समजोन जवळ ठेवावी. लिहिणाराने आपले नाव घातले नाही. त्याचे मानेवर पट्ट्याचा वळ अद्याप आहे, त्यावरोन ओळखावे. मजकूर पुरा होत आला तो राणीसाहेबांनी पाठीमागे उभे राहोन वाचिला, आणि आज्ञा केली की, बाकी ठीक, गाऊनचे भोक तेवढे गाळावे. गाळिले नाही.