तात्यांच्या दारातला कडुलिंब

कल्पना करा, रविवार आहे, घरात मटण आलंय आणि ते चुलीवर चढायच्या आत सगळी गल्ली तुमची पाठ बघायला जमलीय. मंगळवार पेठेतल्या शाळकरी क्रांतीचं अगदी तसंच झालं.

नात्यातल्या एका लग्नात घातलेला चमचमता झगा ती काही केल्या अंगावरून उतरवत नव्हती. सकाळी आईनं, म्हणजे स्नेहलनं, तो ओढून काढला, तर पाठभर लाल पुरळ!

"आक्का, हे बघा की!" तिनं सासूबाईंना हाक मारली.

आक्कांनी चष्मा न लावताच हात जोडले. "देवी आलीया. कांजिण्या हायत."

झालं! फोडणी बंद, दाराला कडुलिंबाचा डहाळा. शेजारीण म्हणाली गोवर, तिची जाऊ म्हणाली नागीण. दर वेळी वळून वळून क्रांती इतकी कंटाळली, की शेवटी भिंतीकडं तोंड करूनच उभी राहिली.

"दुखतंय काय गं?"

"न्हाय. भूक लागलीया."

शेजारचे हंबीरतात्या जुने पैलवान. ते दारातूनच म्हणाले, "देवीच्या घरात मटण ठिवायचं न्हाय, आक्का. द्या हिकडं, मी बघतो काय करायचं ते."

पातेलं गेलं. क्रांती ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली.

मग स्नेहल तिला दवाखान्यात घेऊन गेली. नंबर येईपर्यंत क्रांतीनं भिंतीवरचा कातडीच्या रोगांचा तक्ता चित्रांसकट वाचून काढला. डॉक्टरीणबाईंनी पाठ पाहिली. "कांजिण्या असत्या तर पाण्यानं भरलेले फोड दिसले असते, काही नवे, काही खपली धरलेले. हे बघा, खसखशीएवढे दाणे, घाम साचला तिथंच. घामोळं आहे. सुती कपडे घाला."

"मटण चालतंय?" क्रांतीनं विचारलं.

"चालतंय की!"

घरी येताना बोळातच तांबड्या रश्श्याचा वास आला. तात्या ताट वाढून घेत होते.

"तात्या, घामोळं हाय नुसतं."

"आसंल. पण दिलेलं परत मागायचं नसतंय, पोरी."

क्रांतीला वाद घालायचंही त्राण नव्हतं. तिची नजर तात्यांच्या मानेवर गेली. तिथं रुपयाएवढं गोल उठलं होतं; कडा लाल, मध्ये साफ. तक्त्यातलं गजकर्ण, हुबेहूब! पण खरं नाव सांगून आज कुणी ऐकलं असतं?

"आक्का," ती दमलेल्या आवाजात ओरडली, "तात्यांच्या मानंवर बी उठलंय!"

आक्का चष्म्याशिवायच आल्या आणि त्यांनी हात जोडले. तात्यांचा घास हातातच राहिला.

क्रांतीनं आपल्या दारातला डहाळा काढला, तात्यांच्या चौकटीला खोचला आणि पातेलं झाकणासकट उचललं.