बुधवार, पाच ते सहा : राखीव

आमच्या चर्चमधलं प्रवचन पाळकसाहेबांचं सांगून झालं म्हणून संपत नाही. शांतवन बापूंनी मागच्या दाराची कडी वाजवली म्हणून संपतं. अकराला दोन मिनिटं कमी असताना कडी पहिल्यांदा वाजते. त्यावर पाळकसाहेब "आता शेवटचा मुद्दा" असं म्हणतात. अकराला ती दुसऱ्यांदा वाजते, आणि तरीही मुद्दा लांबला तर बापू सरळ पंख्यांची बटणं बंद करायला लागतात. आष्टीच्या उन्हाळ्यात पंखे बंद झाल्यावर कोणताही मुद्दा टिकत नाही. एकदा तर ऐन प्रार्थनेत मागून आवाज आला होता, "पाळकसाहेब, आमेन म्हणा. माघं गाडी उभी हाय."

गाडी म्हणजे पुढच्या मंडळीची उपासना. बापू एस.टी.तले निवृत्त कंट्रोलर. उभा जन्म त्यांनी बसस्टँडवरच्या जाळीच्या खिडकीत काढला, समोर माईक आणि हाताखाली गाड्यांची नोंदवही. निवृत्तीच्या दिवशी ती खिडकी सुटली, पण माईकवरचा आवाज त्यांच्या गळ्यातच राहिला. "गाडी कुणासाठी थांबत न्हाई" हे त्यांचं लाडकं वाक्य. स्वतःच्या लग्नाला उशिरा आलेल्या एका नवरीलाही त्यांनी ते दारातच ऐकवलं होतं.

आता एवढ्या काटेकोर माणसाच्या हातात चर्चच्या वेळा गेल्या कशा, तर त्याला कारण मीच. आमचं चर्च एकच, दगडी भिंतींचं आणि पत्र्याचं. जुनी माणसं त्याला अजून देऊळच म्हणतात. देऊळ एक आणि मागणारे फार. आमची जुनी मंडळी आहे, ड्रम आणि कीबोर्डवाली नवी प्रार्थना मंडळी आहे, तिला स्वतःची जागा नाही. शिवाय महिला मंडळ, तरुण संघ, रविवारची शाळा. सगळ्यांची नोंद पूर्वी एका वहीत व्हायची. गेल्या ईस्टरला ती वही कुणाच्या तरी घरी राहिली आणि भल्या पहाटे दोन्ही मंडळ्या एकदम दारात आल्या. एकीकडे मेणबत्त्या, दुसरीकडे ड्रमसेट. प्रभू उठला ह्या आनंदाच्या बातमीवर दोन्ही बाजू पाऊण तास भांडल्या. त्याच सकाळी पंच कमिटीने ठरवलं की इथून पुढे सगळं ऑनलाइन.

पंच कमिटीचा सचिव मी. त्यातून जिल्हा परिषदेचा शिक्षक, म्हणजे ऑनलाइन म्हटलं की सगळ्या माना माझ्याकडे वळतात. शाळेत पोरांना शिकवायचं सोडून मी दिवसभर कसली ना कसली माहिती भरतच असतो, त्यात ही आणखी एक. मी मोबाइलवर कॅलेंडर उघडून दिलं, वेळा टाकायच्या कशा ते बापूंना दाखवलं आणि सुटलो एकदाचा असं समजलो. माझ्या बहुतेक चुका अशा सुटलो समजण्यातूनच झालेल्या आहेत.

आठ दिवसांत बापूंनी त्या कॅलेंडरचा बसस्टँड करून टाकला. आमची रविवारची उपासना लाल रंगात, कारण ती साधी गाडी. नव्या मंडळीची हिरव्या रंगात, ती निमआराम. उपवासकाळातल्या प्रार्थना म्हणजे जादा गाड्या. नाताळची रात्र मुक्कामी. लग्नाला तर ते लग्न असं लिहीतच नाहीत. वऱ्हाडासाठी एस.टी. भाड्याने दिली की कागदावर जे लिहितात तेच लिहितात, 'प्रासंगिक करार'. एका नवऱ्या मुलाने आपल्या लग्नाची नोंद मोबाइलवर बघितली आणि घाबरून मला फोन केला, "सर, कायदेशीर काही भानगड हाय का?"

मयतीची वेळ मात्र ते पुढे कधी बांधत नाहीत. सुरुवात लिहितात आणि शेवट मोकळा सोडतात. "त्या गाडीला परतीचा टाइम नसतो," म्हणतात.

माझा दिवस मग बापूंच्या फोनने सुरू व्हायला लागला. मी तोंडात ब्रश धरून उभा असायचो.

"गुर्जी, काल तुमच्या महिला मंडळाची गाडी तेरा मिनिटं लेट सुटली. कावून?"

"बापू, महिला मंडळ माझं नाही. माझी बायको त्यात आहे."

"मग तुमच्या घरात जिम्मेदार माणूस कोण हाय?"

लग्नाला अठरा वर्षं झाली, ह्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

बापूंचा नियम किती कडक असतो, हे गावाला मात्र सहा वर्षांपूर्वीच कळून चुकलं होतं. तेव्हा वही होती, ती दर वर्षी हात बदलायची, आणि त्या वर्षी ती बापूंकडे होती. त्यांचा एकुलता एक मुलगा आशिष पुण्याला नोकरीला. आई तो शाळेत असतानाच गेलेली, बापूंनीच त्याला डबे करून घालून वाढवलं. त्याचं लग्न ठरलं. पोराची इच्छा एकच, आपल्या गावच्या देवळात लग्न लागावं. पण त्या दिवशी त्याच वेळेला वहीत आधीच नोंद होती. ऊसतोडीला निघालेल्या एका कुटुंबाच्या बाळाचा बाप्तिस्मा होता, दुसऱ्या दिवशी ते कारखान्याकडे जाणार होते. ती बिचारी माणसं स्वतःहून म्हणाली, "बापू, आमी सकाळी उरकून घेतो, पोराचं लगीन लावा." पाळकसाहेब हो म्हणाले, सगळी कमिटी हो म्हणाली. बापू नाही म्हणाले. "आज माझ्या पोरासाठी गाडी माघं घेतली, तर उद्या लोकं म्हणतील, कंट्रोलरच्या घरच्याला येगळा कायदा हाय."

त्याच तारखेला आशिषने पुण्यात लग्न केलं. लग्न लागत होतं तेव्हा बापू इथे बाप्तिस्म्याला दारात घड्याळ बघत उभे होते. त्या दिवशी त्यांनी कडी बरोबर वेळेवर वाजवली. त्यानंतर आशिष आष्टीला आला नाही, आणि बापूंनी त्याचं नाव काढलं नाही.

असो. सांगत होतो ते कॅलेंडरचं. त्यात दर बुधवारी पाच ते सहा करड्या रंगाची एक नोंद असायची. तिच्यावर एकच शब्द, 'राखीव'. कुणासाठी ते लिहिलेलं नाही. महिने उलटले तरी त्या वेळेला देवळात कुणी येताना दिसलं नाही. मग हा उपवासकाळ सुरू झाला आणि ईस्टरच्या गाण्यांच्या सरावाला नव्या मंडळीने नेमकी तीच वेळ मागितली. मी बापूंकडे गेलो.

"ती राखीव हाय," बापू म्हणाले.

"पण कुणासाठी?"

"राखीव म्हंजे राखीव. गाडीत आमदाराची शीट असती, तिच्यावर कोण बसतं का?"

"सगळेच बसतात, बापू. आमदार एस.टी.ने येतो कुठे?"

"यील का न्हाई ते गाडी सुटस्तोवर कळत नसतंय," बापू म्हणाले आणि मोबाइल खिशात घातला.

शनिवारच्या सभेत हा विषय निघाला आणि गरम झाला. दुसऱ्याच्या तेरा मिनिटांचा हिशेब मागणारा माणूस अख्खा तास अडवून बसतो म्हणजे काय? नियम सगळ्यांना सारखा ना? बोलणं खोटं नव्हतं. ठराव झाला की बापूंनी नाव सांगावं, नाहीतर राखीव काढावं, आणि ऐकणार नसतील तर कॅलेंडर दुसऱ्याच्या हातात द्यावं. हे त्यांना सांगायचं काम अर्थातच सचिवाकडे. मी तीन दिवस टाळलं. बापूंकडून कॅलेंडर काढून घेणं म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा निवृत्त करणं, हे मला कळत होतं. पण मी दमलो होतो हेही खरं. बुधवारी शाळा सुटल्यावर म्हटलं, आज सांगून मोकळं व्हावं.

साडेपाचला देवळात पोचलो. दाराची दोन्ही कवाडं सताड उघडी होती. फरशी झाडून पुसलेली, पंखे चालू, आणि पहिल्या बाकावर बापू एकटेच. अंगात पांढरा इस्त्रीचा शर्ट. मांडीवर मोबाइल. मी घसा साफ केला, पण त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

"गुर्जी, बरं झालं आलात. हे काय आलंय बघा. मला वाटतंय मी काहीतरी चुकीचं दाबलं."

मी मोबाइल घेतला. बुधवारची तीच नोंद उघडी होती. आम्हाला ती बाहेरून नुसती राखीव दिसायची. आत बोलावलेल्या पाहुण्याचं नाव होतं. पाहुणा एकच, आशिष. मी मागचा बुधवार उघडला, त्याच्या मागचा उघडला. दर आठवड्याला निमंत्रण गेलेलं, आणि दर वेळी खाली तेच, उत्तर आलेलं नाही. आज पहिल्यांदाच उत्तर होतं.

"बापू," मी म्हणालो, "आशिषनं 'नाही' असं कळवलंय."

बापूंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अपेक्षित नव्हतं. माणूस चक्क हसत होता.

"त्यानं सोताच्या हातानं दाबलं?"

"हो. दुसरं कोण दाबणार?"

"म्हंजे बघतो त्यो. इतके म्हैने मला कळत नव्हतं, पोचतंय का न्हाई. गाडी रद्द झाली तरी चालतंय, गुर्जी. पर खिडकीतल्या माणसाला कळाया तर पायजे."

मी विचारलं, एवढं सगळं कशाला, सरळ फोन का नाही केला? ते म्हणाले, "फोन केला का त्याला उचलाया लागतो. ह्यात बळजबरी न्हाई. बुधवारी त्याला सुट्टी असती, मला ठावं हाय. त्याच्या लग्नाच्या जुन्या अर्जावर त्याचा ईमेल व्हता, त्यो घेतला." मग म्हणाले, "त्याला ह्याच देवळात टाइम पायजे व्हता. मी दिला न्हाई."

मला स्वतःची लाज वाटली. ठराव खिशात होता, तो तिथेच राहिला.

"आता बुधवार सोडा सरावाला," बापू आपणच म्हणाले. "त्याची सुट्टी बदलली असंल. दुसरा कुठला वार मोकळा हाय का बघा."

मी बघितलं. एकही वार मोकळा नव्हता, बापूंनीच तो ठेवला नव्हता. मग शनिवारी पाच ते सहा दिसली, आमच्या पंच कमिटीची सभा. ती मी सचिवाच्या अधिकारात काढून टाकली. कमिटी माझ्या ओट्यावर बसेल, चहा पिऊन भांडेल. त्या मोकळ्या तासात पाहुणा म्हणून पुन्हा आशिषचं नाव घातलं.

तेवढ्यात सहा वाजून गेले. उपवासकाळच्या प्रार्थनेला आलेल्या बायका दारात चपला काढून उभ्या होत्या. पाळकसाहेब बाहेर घड्याळ बघत होते.

"बापू, वेळ झाली. तुमची जादा गाडी आली," मी म्हणालो.

"थांबतील," बापू म्हणाले.

निमंत्रणाच्या खाली चार शब्द लिहायची जागा असते. बापूंनी ती इतके महिने कोरीच सोडली होती. मी विचारलं, ह्यात काही लिहू का? त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. नंतर ताठ बसले आणि माईकसमोर बसल्यासारखं एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

"लिवा. आष्टीची गाडी थांबवून ठिवली हाय."

मी तसंच लिहिलं आणि पाठवलं.