बाहेर कसं निंगाचं?

लग्नपत्रिका आली की आमचे धनराजभाऊ आधी छापखान्याचं नाव वाचतात, मग नवरीचं. कागद कुठलाही असो, हा माणूस शेवटून सुरू करतो. वर समोरच्याला एकच प्रश्न, "ते सारं ठीक हाय, पण बाहेर कसं निंगाचं?"

स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी व्याह्यांना विचारलं, "लग्न मोडलं तं हॉलचा ॲडव्हान्स वापस भेटन का?" नवरदेवाच्या मामाने तोंडाशी नेलेले पोहे परत बशीत ठेवले. लग्न झालं कसंबसं, बाप्पा!

पोंभुर्ण्याची आमची शाळा विनाअनुदानित, सरकारी पेन्शनच्या नावाने शंख. म्हणून आम्ही सगळे पगारातून थोडंथोडं एका कंपनीच्या पेन्शन योजनेत टाकतो. भाऊ प्रयोगशाळेतले परिचर, पण या योजनेचे विश्वस्त. त्यांची सही नाही तर सगळंच अडलं. असलं पद असल्या माणसाला देणारे शहाणे आम्हीच!

यंदा जुनी योजना संपली आणि नव्या कंपनीचा माणूस आला. ऐन उन्हात टाय लावून! प्रत्येकाला जेवणाचा डबा भेट दिला. मुख्याध्यापकांनी समोसे मागवले. म्हातारपणाची सोय आजच लागणार म्हणून आम्ही पेनं काढून बसलो.

"बाहेर कसं निंगाचं?" भाऊंनी विचारलंच.

"आधी आत तर या, काका!" तो म्हणाला. सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी.

भाऊंनी शेवटचं पान डोळ्यांजवळ नेऊन मोठ्यांदा वाचलं. सात वर्षांच्या आत योजना सोडल्यास जमा रकमेचा चौथा हिस्सा कापण्यात येईल. "हे खोडा, मंग सही." तो खोडेना, हे सही करेनात. शेवटी पाहुणा उठला आणि डबे परत गोळा करू लागला. नागपुरे बाईंनी डब्यावर नाव टाकून ठेवलं होतं, तोही नेला.

मी तणतणत प्रयोगशाळेत गेलो. "भाऊ, तुमचा कोणावर विश्वासच नाही का? तुमच्यापायी आम्ही म्हातारपणी भीक मागायची?"

ते फडक्याने काचेची भांडी पुसत होते. "शकुनबाई आठवते, सर?"

न आठवायला काय झालं? आमची शिपाईबाई. नवरा अंथरुणाला खिळला म्हणून नोकरी सोडली. आता आठवडी बाजारात भाजी विकते.

"जुन्या योजनेतून ते दुसऱ्याच साली निंगाली. निम्मे कापले कंपनीनं. सुरवातीले योजनेत येतानी अंगठा देला, तवा तिनं मले इचारलं व्हतं, भाऊ, वाचलं ना? मी म्हणलो, हाव, वाचलं." भाऊंचा हात थांबला. "वाचलं नव्हतं, सर."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मघाच्या हसण्याची लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "इतकी वर्षं झाली, भाऊ. ती काही म्हणते का?"

"तेच तं! बाजारात भेटली का चा पाजते. म्हंते, भाऊ, तुमी तं सारं वाचूनच सांगतलं व्हतं, माह्यंच नशीब फुटकं." त्यांनी फडकं घट्ट पिळलं. "मले अजून सांगता नाई आलं तिले."