रुक्कु अत्तेंची केबिन

रुक्कु अत्तेंच्या दिवाणखान्यात रांगोळीची एक केबिन आहे. तिला भिंती नाहीत, छत नाही, नुसत्या तांदळाच्या पिठाच्या रेघा. जहाजवाल्यांनी पाठवलेल्या आराखड्याबरहुकूम पलंग, टेबल, कपाट, खिडकी, दार, सगळं मापात. रोज सकाळी अत्ते आधी उंबऱ्यापुढचं कोलम काढतात आणि मग आत येऊन केबिन. दिवसभर त्या रेघांच्या आतच राहतात. तिथेच वाचतात, तिथेच चटईवर आडव्या होतात. आपण गेलो की रांगोळीच्या दाराशी थांबायचं आणि तोंडानं 'टकटक' म्हणायचं. एकदा मी चुकून खिडकीच्या रेघेवरून आत पाय टाकला, तर पुस्तकातून मान वर न करता म्हणाल्या, "खिडकीबाहेर समुद्र आहे गे. इतकी भिजून आंत आलीस?"

दुपारपर्यंत मुंग्या पीठ न्यायला लागतात. अत्ते चष्म्यावरून बघतात आणि शांतपणे सांगतात, "उजवीकडची भिंत गेली आज."

अत्ते म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. सत्तरी ओलांडलेल्या, आमच्याच गल्लीत एकट्या राहणाऱ्या. लग्न केलं नाही, का केलं नाही ते घरात कोणी सांगत नाही. सगळी नोकरी कुंभकोणमच्या एका मुलींच्या शाळेत तमिळमधून भूगोल शिकवण्यात गेली. मी साताऱ्याची. लग्न होऊन कुंभकोणमच्या मेलकावेरीत आले तेव्हा वाटलं, इतक्या लांब देत आहेत खरं, पण घरात मराठी तरी आहे. पण ही मराठी तंजावरच्या राजांबरोबर खाली आली आणि इथेच थांबली. पहिल्याच दिवशी माझं बोलणं ऐकून अत्ते म्हणाल्या, "तुझी मराठी बरी आहे, पण ओली आहे. वाळली की ठीक होईल." बरीच वर्षं झाली, त्यांच्या मते ती अजून दोरीवरच आहे.

तर ह्या अत्ते एके दिवशी देवळातली केळी द्यायला याव्यात तशा आल्या आणि म्हणाल्या, "कप्पलावर जातें. शिकायला." कप्पल म्हणजे जहाज. कॉलेजची मुलं एक अख्खं सत्र जहाजावर काढतात, पाण्यावर वर्ग भरतात, बंदरामागून बंदरं येतात, असा काही अभ्यासक्रम असतो हे आम्हाला त्या दिवशी कळलं. त्यात थोड्या जागा शिकायची हौस असलेल्या वयस्करांनाही असतात. अत्तेंनी आम्हाला न विचारता अर्ज केला होता, डॉक्टरी तपासणी उरकली होती आणि जन्मभराची ठेव मोडली होती.

माझा नवरा सेतु हादरलाच. "अत्ते, समुद्र ओलांडून? एकट्या?"

"मॅपांत आहे की," अत्ते म्हणाल्या.

हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर. जे नकाशात आहे तिथे जाता येतं, असा त्यांचा सिद्धांत आहे. नाचियार्कोविलची बस चुकली तरी त्या हेच म्हणतात आणि चालू लागतात.

दुसरी अडचण मडीची. मडी म्हणजे आपल्याकडचं सोवळं. अत्तेंची मडी सबंध गल्लीत प्रसिद्ध. नोकरीत होत्या तोवर असलं काही नव्हतं म्हणे, निवृत्त झाल्यावर सुरू झालं. त्यांची साडी उंच बांबूवर, काठीनं वाळत घालायची, तिला कुणी शिवायचं नाही. त्यांना तर नाहीच नाही. शेजारची मंडळी दारातूनच बोलून परत जातात. मी भाच्याची बायको, म्हणून मला आतपर्यंत मुभा, पण हातभर अंतरावरून. मग जहाजावर मडी कशी पाळणार, असं मी विचारलं. अत्तेंनी जरासुद्धा वेळ घेतला नाही. "चहूंकडे पाणी. त्याहून मोठें सोवळें कोणतें गे?"

मग तयारी सुरू झाली. जहाज लागू नये म्हणून ऊंजलवर, म्हणजे घरातल्या मोठ्या झोपाळ्यावर बसून जेवायचं. झोका मी द्यायचा, तो एकसारखा नको, लाटांसारखा वेडावाकडा हवा. ताटातला सांबार साडीवर सांडला की अत्ते म्हणायच्या, "पर्वाइल्ल, हा अटलांटिक होता," आणि पुन्हा वाढून घ्यायच्या. मेतकुटाचे डबे भरले. तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या विनायकाला सांगून आल्या. त्याला समुद्राचं काही शिकवायला नको असं त्यांचं म्हणणं, कारण तो समुद्राच्या फेसाचाच झाला आहे.

कळस झाला तो लाइफ जॅकेटनं. नागपट्टिनमहून कोणाकरवी त्यांनी ते मागवलं. जहाजावर संकटकाळी ते घालून शिड्या चढाव्या लागतात असं वाचल्यावर अत्ते कांजीवरमवर ते नारिंगी जॅकेट चढवून टाऊन बसनं स्वामिमलैला निघाल्या, देवळाच्या पायऱ्या चढायला. मी सोबत, पण दोन बाकं मागे बसले होते, ओळख नसल्यासारखी. कंडक्टरनं 'आजी' अशी तमिळमध्ये हाक मारून विचारलं, "पाट्टी, कावेरीला पूर येतोय का?"

"आल्यावर घालायचं असतं का?" अत्तेंनी विचारलं आणि तिकीट घेतलं.

वर पोचल्या तेव्हा मी कठड्याला धरून धापा टाकत होते आणि अत्ते जॅकेटचे बंद घट्ट करत होत्या. तोवर मी हसत होते. त्या दिवशी हसू थांबलं आणि मला त्यांचा धाकच वाटू लागला. त्यांच्या निम्म्या वयाची माणसं नवीन फोन घ्यायला घाबरतात, आणि ही बाई सातही समुद्रांना परीक्षेला बसवायला निघाली होती.

घोटाळा केला तो सेतुनं, आणि तोही प्रेमानं. जहाजाच्या कचेरीशी इंग्रजीतला पुढचा पत्रव्यवहार त्याच्याकडे होता. अत्तेंना केबिन दोघींची मिळाली होती, सोबत कोणी विद्यार्थिनी. सेतुला वाटलं, मडीवाली बाई, परक्या मुलीबरोबर कशी राहणार? त्यानं परस्पर कळवलं की ह्या वृद्ध आहेत, सोवळं पाळतात, स्वतंत्र खोली द्यावी. कचेरीची माणसं भली. त्याच पैशात एकटीची केबिन दिली. सेतु मोठ्या आनंदानं सांगायला आला. मी मागोमाग होतेच.

अत्ते रांगोळीच्या आत उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, मग म्हणाल्या, "तर मी जात नाहीं."

आम्हाला काही कळेना. सेतु म्हणाला, "अत्ते, तुमच्या मडीसाठीच तर केलं."

"मडी कसली रे," अत्ते म्हणाल्या. आवाज वर्गात असतो तसाच होता. "शाळा संपली, मग मी दार उघडून बसूं लागलें. कोणी येईना. जाणारीं येणारीं बघायचीं, विचारायचीं, टीचर कोणाची वाट बघतात? काय सांगूं? मग मडी धरली. मडींत असलेली बाई एकटी बसली तर तिजला कोणी कांहीं विचारत नाहीं." पायाजवळच्या रेघेकडे बघत म्हणाल्या, "एकटीच्या खोलींत राहायला कप्पल कशाला? तें येथें आहेच की."

मला रडू आलं आणि रागही आला, स्वतःचाच. इतकी वर्षं मी हातभर अंतर पाळत होते आणि त्याला मान देणं समजत होते.

सेतुनं तिथेच बसून दुसरा निरोप लिहिला. उत्तर आलं की ती जागा दुसऱ्या कोणाला गेली असेल, बघून कळवतो. त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. अत्ते झोपाळ्यावर बसेनात. मी झोका द्यायला गेले तर म्हणाल्या, "नको गे, आधीं कळूं दे."

आणि मग एका सकाळी कचेरीकडून कळलं, जागा आहे. सोबतीण उरुग्वेची, लुसिया नावाची. ती आधी बोलू इच्छिते. अत्तेंनी इस्त्रीची साडी नेसली, केस पुन्हा विंचरले आणि फोनसमोर तोंडी परीक्षेला बसावं तशा बसल्या. पडद्यावर कुरळ्या केसांची एक पोर आली. ती इंग्रजीत घाईघाईनं बोलत होती. म्हणाली की घरी आम्ही बहिणी एका खोलीत झोपतो, एकटं झोपायची मला सवय नाही. अंधार झाला की मला घराची आठवण येते आणि मग मी झोप लागेपर्यंत बडबडत राहते. आधीच सांगते, तुम्हाला त्रास होईल.

मी वाकून पाहिलं. अत्तेंनी पदराचं टोक ओठांवर धरलं होतं.

मग त्यांनी पदर खाली घेतला आणि शाळेतल्या खणखणीत आवाजात, इंग्रजीतच, त्या मुलीला सांगितलं, "तू बोल. तुला झोप लागेपर्यंत मी झोपणार नाही."